निळ्या पिंपावरचा लाल कागद

पाण्याने भरलेल्या एका निळ्या पिंपावर मी एकदा 'नको असलेली वस्तू' म्हणून लाल कागद चिकटवला. ते पाणी डोळे धुण्यासाठी ठेवलेलं होतं. कशासाठी ठेवलंय हे ठेवणाऱ्याने मला तोंडाने सांगितलं होतं, चक्क मराठीत, माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून. तरी मी कागद लावला. वर अंगठ्याने दाबून लावला, कोपरे सुटू नयेत म्हणून.

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. नवऱ्याच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात कोणी आग्रह केलेला नसताना दोन गाणी म्हटली, तीही हातवारे करून. पण ते सांगून हसता येतं. हे सांगताना फक्त अर्ध्यापर्यंत हसता येतं, जोवर गोष्टीत मी एकटीच आहे तोवर. पुढे नाही.

सांगायचं कारण नात. ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर, जपानी भाषेच्या पाच परीक्षांपैकी खालच्या दोन पास, आणि आता तिला कन्सल्टंट व्हायचंय. तिच्या आईने तिला माझ्याकडे पाठवलं. म्हणाली, आजीने हेच केलं होतं. नातीने विचारलं, "आजी, चालतं का गं एवढ्यावर?" मी म्हटलं, चालतं, आणि तेच वाईट आहे. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी नेहमीसारखा चावटपणा करतेय. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

माझी पदवी बी.ए., संस्कृत घेऊन. नवरा साताऱ्याकडचा, इकडे बोईसरजवळच्या वीज केंद्रात नोकरीला लागला आणि आम्ही सरावलीत दोन खोल्या घेऊन राहिलो. मुलं मोठी होईपर्यंत मी दहावीच्या पोरांना शब्दरूपं घोकवली. पंचेचाळिशी आली तेव्हा पोरांनी संस्कृत घेणं कमी केलं. पालघरला एक निवृत्त गृहस्थ रविवारी सकाळी आपल्या घरच्या हॉलमध्ये जपानी शिकवायचे. कधीकाळी कंपनीने त्यांना दीड वर्ष तिकडे पाठवलं होतं. मी गेले. वर्गात चार इंजिनिअर मुलं आणि पाचवी मी, पदर खोचून. पाठांतरात मी चौघांना मागे टाकलं. संस्कृतने मला पाठांतराची सवय लावली होती, आणि पाठ झालं म्हणजे आलं, अशी समजूतही. खालच्या दोन परीक्षा मी झटक्यात पास झाले. तिसरीला दोनदा आपटले. दुसऱ्यांदा आपटले ते मी घरात सांगितलंच नाही.

माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मॅनेजर होते. त्यांचं मोठं गिऱ्हाईक जपानी. माल चांगला आहे, पण कारखाना आमच्या पद्धतीने लावून दाखवा, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी मुंबईच्या एका सल्लागार कंपनीमार्फत एक म्हातारे जपानी तज्ज्ञ सहा महिन्यांतून एकदा तीन दिवस येणार होते, आणि मधल्या काळात काम पुढे रेटायला इथला एक माणूस हवा होता. मागणी होती इंजिनिअर आणि उत्तम जपानी येणाऱ्याची. बोईसरमध्ये मी मिळाले.

मग काय विचारता. पालघरहून शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. नावाखाली 'मॅनेजमेंट कन्सल्टंट', आणि मागच्या बाजूला तेच जपानीत. कार्ड दोन्ही हातांनी, किंचित वाकून द्यायचं असतं. तसं मी बोईसर बाजारातल्या भाजीवालीलाही दिलं. तिने ते उलटसुलट पाहून वांग्यांच्या टोपलीत खोचलं. कारखान्यात हेल्मेट घालावं लागे आणि ते माझ्या अंबाड्यावर बसेना. डोक्यावर तरंगत राही, तरी मी कुणी सांगूनही अंबाडा सोडला नाही. साडीखाली पुढे लोखंड असलेले बूट. घरात प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावली. नवऱ्याच्या चपलांभोवती खडूने रेघ मारली आणि चप्पल रेघेबाहेर गेली की मी बोलायची. तो बिचारा एकदा म्हणाला, "मी वर्षभर काही केलं नाही, तर मलाही कागद लावशील का गं?"

कागदाचं असं, की त्या पद्धतीचा पहिलाच नियम आहे: लागतं ते ठेवा, लागत नाही ते काढा. वर्षभरात न वापरलेल्या प्रत्येक वस्तूला लाल कागद चिकटवायचा. कागदावर तीन ओळी: वस्तू कोणती, शेवटची कधी वापरली, कुणाला हवी आहे. मग ती वस्तू एका कोपऱ्यात पंधरा दिवस ठेवायची. ज्याला हवी त्याने कागदावर आपलं नाव लिहून परत न्यायची. नाव आलं नाही तर भंगारात. नियमात वाईट काहीच नव्हतं; मी त्यातून तीन ट्रक भंगार काढलं आणि कारखान्यात खरोखर चालायला वाट झाली. मॅनेजर सगळ्यांना सांगत, मॅडमने कायापालट केला. मी नको नको म्हणायची आणि आणखी ऐकायला थांबायची.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. निम्म्याहून जास्त कामगार कंत्राटी होते. त्यांचं नाव हजेरीच्या वहीत असायचं ते कंत्राटदाराच्या, कारखान्याच्या नव्हे. कुठल्याही कागदावर नाव लिहिलं की उद्या कंत्राटदाराची माणसं शोधत येतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे लाल कागदावर कुणी नाव लिहीत नसे. मला वाटायचं, बघा, एकालाही हे सामान नकोय.

म्हाताऱ्या तज्ज्ञांची तिसरी फेरी होती. बारीक, खोकणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. बोईसरला आले की केळी आणि उकडलेली अंडी याशिवाय काही खात नसत. सगळे त्यांना सेन्सेई साहेब म्हणत, म्हणजे गुरुजी साहेब; ते त्यांना आवडत नसे. हातात छोटी वही आणि कॅमेरा. कारखान्यात ते भराभर चालत आणि एकदम थांबत. तसे त्या दिवशी ते ॲसिडच्या पंपाजवळ थांबले. तिथे भिंतीला ते पिंप होतं, वर फळी, फळीवर प्लॅस्टिकचा मग. त्यांनी पेन्सिल पिंपावर टेकवून मला विचारलं, हे कशासाठी?

पंपावर जो कामगार होता त्याला मी विचारलं. चाळिशीचा, विक्रमगडकडचा माणूस. पावसाच्या तोंडाला महिनाभर गावी जाऊन घरची वरई-नाचणी लावून यायचा, उरलेलं वर्ष इथे. त्याने हातातला पाना खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "दुपारचा त्या शावरला पानी येत नाय, बाई. टाकीचा पानी सगला थंड करायच्या मशिनीला जाते. ॲसिड उडला त डोले धवायला ठेवलाय हा. रोज सकालचा मी ताजा भरतो." मग त्याने आणखीही काही सांगितलं; आधी एका पोराच्या हातावर कसं उडलं होतं, तेव्हापासून हे ठेवलंय असं. बोट लांब करून कोपऱ्यातला, साखळी ओढली की अंगावर पाणी सोडणारा सेफ्टी शॉवरही दाखवला. सावकाश, समजावून बोलत होता. मी मान हलवत होते.

आता हे जपानीत सांगायचं होतं. शॉवर, दाब, उडणं, डोळे धुणं, टाकी: यातले शब्द मला येत नव्हते. 'डोळा' येत होता, 'धुणं' येत होतं, पण वाक्य जुळेना. मॅनेजर बाजूला उभे. त्यांच्यासमोर पिशवीतून शब्दकोश काढायचा? कार्डावर मॅनेजमेंट कन्सल्टंट लिहिलेल्या बाईने? पिंप जुनं दिसत होतं आणि आत पाणी होतं. मी म्हटलं, "फुरुई मिझु." म्हणजे जुनं पाणी.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. फोटो काढला, वहीत काही लिहिलं आणि पुढे गेले. मी मागे राहून लाल कागद लावला. शेवटची कधी वापरली, यापुढे लिहिलं: माहीत नाही. तो माणूस बघत होता. त्याला वाटलं असणार, मी साहेबाला सगळं सांगितलं आणि साहेबाने ठरवलं.

पंधरा दिवसांनी पिंप गेलं. तिथली जागा मी धुऊन घेतली आणि भोवती पिवळ्या रंगाचा चौकोन मारून घेतला. चौकोन रिकामाच होता, पण दिसायला फार छान दिसत होता. त्याचाही फोटो मी मुंबईला पाठवला.

दोन महिन्यांनी एका दुपारी पाइपाच्या जोडातून ॲसिडचा फवारा उडाला आणि त्या माणसाच्या तोंडावर आला. कारखान्याने दिलेला चष्मा होता, पण तो घामाने सारखा धुरकट व्हायचा म्हणून त्याने कपाळावर सारला होता. तो शॉवरकडे धावला. साखळी ओढली, दोन-चार थेंब पडले. मग तो वळला आणि सवयीने भिंतीकडे आला. डोळे मिटलेले. वाकून हाताने चाचपत राहिला. त्याच्यासोबत काम करणारा मला नंतर सांगत होता, "मॅडम, वो उधर ही ढूँढता रहा, पीले पट्टे के अंदर." त्यानेच शेवटी त्याला धरून कँटीनच्या नळापर्यंत नेलं. ते शेडच्या दुसऱ्या टोकाला.

उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. डॉक्टर म्हणत होते बघू, पुढे थोडं येईल. आलं नाही.

मी इस्पितळात गेले होते. दोन शहाळी घेऊन. खोलीच्या दारातून दिसलं, की त्याची बायको खाटेशेजारी जमिनीवर बसून त्याच्या पायाची नखं कापते आहे. मी शहाळी बाहेरच्या बाकावर ठेवली आणि परत आले. ती कुणी प्यायली कोण जाणे. घरी नवऱ्याला म्हटलं, भेटून आले.

पुढचं याहून वाईट आहे, आणि ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. जपानी गिऱ्हाइकाला अपघाताचा अहवाल हवा होता. त्यांचा छापील नमुना आला. मॅनेजरांनी तो मला भरायला दिला. म्हणाले, मॅडम, चष्मा त्याने काढला होता ना, तेवढं नीट लिहा. नमुन्यात कारणाच्या रकान्यात शब्द आधीच छापलेले होते. आपण फक्त योग्य त्यावर गोल करायचा. त्यातला एक मला येत होता: निष्काळजीपणा. तिसऱ्या परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या माणसाचं एक वाक्य सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि त्याला दोषी ठरवायला तयार शब्द समोर होता. मी गोल केला. चांगला वाटोळा केला. पिंपाचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण नमुन्यात तसा रकानाच नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या कागदामुळे तो माणूस आपल्याच चुकीने आंधळा झाला असं ठरलं. कंत्राटदाराने वहीतून त्याचं नाव कमी केलं. सरावलीच्या चाळीतली खोली सोडून ते गावाला निघून गेले, हे मला दळणाच्या गिरणीत कळलं.

थंडीत म्हातारे पुन्हा आले. पहिल्या दिवशी ते ॲसिडच्या पंपापाशी गेले आणि त्या पिवळ्या चौकोनासमोर बराच वेळ उभे राहिले. संध्याकाळी गेस्ट हाउसवर त्यांनी मला बसायला सांगितलं. टेबलावर दोन फोटो ठेवले, पिंपाचा आणि चौकोनाचा. शेजारी माझा अहवाल. मग वही उघडून सावकाश, मला समजेल अशा सोप्या शब्दांत म्हणाले, त्या दिवशी तो माणूस पुष्कळ बोलला होता, असं मी इथे लिहिलंय. तुम्ही मला दोन शब्द सांगितलेत. बाकीचं कुठे गेलं?

पालघरच्या त्या वर्गात आम्हाला पहिल्याच दिवशी एक वाक्य शिकवलं होतं: मला समजलं नाही, पुन्हा सांगा. ते वाक्य मी दोन वर्षांत कारखान्यात एकदाही वापरलेलं नव्हतं. आता त्याचाही उपयोग नव्हता, कारण मला सगळं समजलेलं होतं. मी म्हटलं, मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, मग मला तसं सांगायचं होतं. तुम्ही कोश उघडेपर्यंत मी थांबलो असतो, असं काही ते म्हणाले नाहीत. उलट म्हणाले, मीही विचारायला हवं होतं. मला घाई होती. मग बराच वेळ खोकत राहिले आणि म्हणाले, उद्या त्याच्याकडे जायचं.

मॅनेजरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज न चढवता समजावलं, की अहवाल गेलेला आहे. आता तो फिरवला तर गिऱ्हाईक जाईल, आणि मॅडम, तुमचंही काम जाईल. गिऱ्हाईक नंतर गेलं नाही. माझं काम गेलं. यात शौर्य वगैरे काही शोधू नका. म्हाताऱ्यांनी विचारलं नसतं तर मी आजही गप्पच असते आणि नातीला कार्डं कशी छापायची ते सांगत बसले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो; मनोरवरून पुढे विक्रमगडच्या रस्त्याला, मग कच्च्या वाटेने. गाडी पाड्याच्या अलीकडेच सोडावी लागली. तो अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होता, बोटांनी चाचपून. दाणे एका ताटात, सालं दुसऱ्या बाजूला. किडका दाणा बोटाला कळायचा, तो बाजूला टाकायचा. बायको शेतावर गेली होती. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, वलखला आवाज. शेजारणीने खाट टाकली. म्हातारे खाटेवर बसेनात. त्याच्यासमोर जमिनीवरच बसले, गुडघे मोडून.

म्हाताऱ्यांनी मला सांगितलं, त्याला म्हणा, त्या दिवशी जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांग. मी सांगितलं. त्या दिवशी शब्द येत नव्हते म्हणून साहेबांना हे सांगितलंच नव्हतं, हेही सांगितलं. त्याने शेंग सोलता सोलता पुन्हा सगळं सांगितलं, त्याच सावकाश रीतीने. फक्त या वेळी शॉवर दाखवायला बोट केलं तेव्हा समोर कौलं आणि शेवग्याचं झाड होतं.

मी पिशवीतून शब्दकोश काढला. एकेक शब्द शोधला. जिथे शब्द सापडेना तिथे काटकीने मातीत चित्र काढलं: टाकी, पाइप, शॉवर, पंप, पिंप. दुपारी पाणी कुठून कुठे जातं त्याच्या रेघा. म्हातारे रेघांवर बोट ठेवून विचारत, मी त्याला विचारी, तो सांगे, मी पुन्हा कोश उघडी. दोनदा चुकले, पुसून पुन्हा काढलं. थेंब उडणं याला त्यांच्याकडे एक छोटा शब्द आहे, तो सापडला तेव्हा मला इतकी लाज वाटली की मी तो दोनदा उच्चारला. रोज सकाळी ताजं पाणी, हे सगळ्यात शेवटी आलं. तेवढ्यासाठी मात्र कोश लागलाच नाही. ते शब्द मला पहिल्यापासून येत होते.

म्हाताऱ्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मातीतलं चित्रही उतरवलं. मग मला विचारलं, कागदावर आपलं नाव का नाही लिहिलं, हे त्याला विचारा. तो म्हणाला, बाई, आमचा नाव कंत्राटदाराकडं. दुसरीकडं लिवला त तो घरी बसवतो. तेही मी सांगितलं. म्हाताऱ्यांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी तेही लिहिलं, माझ्याकडे न बघता.

सांगून संपलं तेव्हा ऊन अंगणाच्या कडेपर्यंत आलं होतं. त्यांनी वही मिटली आणि पेन्सिल खिशात ठेवली. वालाचं ताट निम्मं भरलं होतं. त्या माणसाने मान वर केली, माझ्या आवाजाच्या दिशेने. झाला का सगला सांगून, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने हातातली शेंग खाली ठेवली. चिडला नव्हता, त्या दिवशी पाना खाली ठेवून बोलला होता तसाच समजावून बोलला.

"एवढाच वेल लागते होय, बाई? मंग त्या दिवशीच सांगायचा ना. मी थांबलो असतो."